नारायण शेषाद्री, मांगवाडा आणि जालन्याचं बेथेल

1843 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एका बारा-तेरा वर्षांच्या ब्राह्मण मुलाचा निकाल लागला. मुलाचं नाव श्रीपत शेषाद्री. थोरला भाऊ नारायण याने त्याच वर्षी सप्टेंबरात स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला होता. धाकटा त्याच्या मागोमाग नेस्बिटसाहेबांच्या घरी राहायला गेला, त्यांच्या पंगतीला जेवलाही. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा अज्ञान आहे, त्याचा ताबा बापाचा, असं ठरवून त्याला घरी पाठवलं. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे मिटला. जातीच्या दृष्टीने तिथे सुरू झाला, कारण ख्रिस्ती घरात अन्न खाल्लेल्या मुलाला पंक्तीत घ्यायचं कसं?

‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, असा त्यांचा आग्रह. सनातनी मंडळींनी उलट जांभेकरांच्या पक्षाशीच व्यवहार तोडण्याची भाषा सुरू केली. शुद्धी झाली, तरी वाद काही वर्षं धुमसत राहिला. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’ म्हणून जी नोंद सापडते ती हीच. ती जांभेकरांच्या चरित्रात येते, धर्मसुधारणेच्या प्रकरणात येते. थोरल्या भावाचं पुढे काय झालं, हे मात्र या पुस्तकांना सहसा सांगावंसं वाटलेलं नाही. त्याचं पुढे जालना झालं.

नारायण शेषाद्रींच्या बाप्तिस्म्याकडे पाहताना 1843 सालची मुंबई डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. चारच वर्षांपूर्वी, 1839 मध्ये, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी जॉन विल्सन यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मिशनची शाळा जवळजवळ ओस पडली होती. मुलांना इंग्रजी हवी होती, गणित-भूगोल हवा होता, पण घरातला पोरगा बाटला तर काय, ही धास्ती प्रत्येक आईबापाला होती. नारायण याच शाळेत शिकला आणि शिकवूही लागला. त्याने पाऊल उचलताच पुन्हा तीच पळापळ झाली. घरचे दरवाजे बंद, जातीचे बंद, आणि ज्या मुलांना तो वर्गात शिकवायचा त्यांच्या पालकांच्या लेखी तो आता धोक्याची निशाणी. धाकटा भाऊ तर कोर्टानेच नेला.

त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि मुंबईतले हे बहुतेक मिशनरी नव्या ‘फ्री चर्च’ बरोबर गेले. जुन्या इमारती, जुना पैसा मागे राहिला. नव्या ख्रिश्चनाला आधार द्यायचा तो पंथच त्या क्षणी स्वतः बिऱ्हाड बांधून रस्त्यावर होता. नारायणरावांनी पुढची अकरा वर्षं शिकवण्यात आणि शास्त्राभ्यासात घालवली, आणि 1854 मध्ये त्यांना फ्री चर्चच्या पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बेळगावात बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला. पदमनजी पुढे ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गेले, ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रामुळे वाचकांच्या ओळखीचे झाले. नारायणरावांच्या नावावर असं पुस्तक नाही. पुस्तक मागे ठेवणाऱ्याला इतिहास लक्षात ठेवतो, पायी हिंडणाऱ्याला विसरतो.

पायी हिंडणं हेच त्या काळच्या उपदेशकाचं खरं काम. त्याला ‘फेरी’ म्हणत. पावसाळा संपला की तंबू, बैलगाडी आणि पुस्तकांची पेटी घेऊन निघायचं. आठवड्याचा बाजार ज्या गावी त्या दिवशी तिथे पोचायचं. वेशीजवळ, पारावर किंवा चावडीसमोर उभं राहून आधी एखादं पद म्हणायचं, म्हणजे चार माणसं थांबतात. मग बोलायचं. मग प्रश्न येणार. तुमचा देव मेला कसा? आमच्या देवाने काय वाईट केलं? सरकार तुम्हाला पगार किती देतं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण उपदेशक सरकारी माणूस नसतो हे गावाला पटत नसे. कुणी टाळ्या पिटून बोलणं बुडवायचं, कुणी माती फेकायचं. शेवटी पुस्तकं निघत: लूककृत शुभवर्तमान, योहानकृत शुभवर्तमान, एखाददुसरी चोपडी. सुरुवातीला ही फुकट वाटत. पण फुकटचा कागद वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जातो, हे मिशनांना लवकर कळलं. तेव्हा पैसा-दोन पैसे किंमत ठेवली. एक पैसा देऊन घेतलेलं पुस्तक माणूस निदान घरापर्यंत नेतो, असा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता.

पुस्तकंही आता मराठीत होती. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला 1811 मध्ये मराठी नवा करार छापला होता, पण मुंबई-पुण्याच्या वाचकाला ती मराठी परकी वाटे. अमेरिकन मिशनने 1826 मध्ये नवा करार नव्याने काढला आणि 1847 पर्यंत अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आलं. म्हणजे नारायणराव दीक्षित झाले तेव्हा त्यांच्या हातात पुरं पुस्तक होतं. ऐकणारा कान तेवढा नव्हता.

मुंबईत हा बहिरेपणा किती जाड होता याचा नमुना म्हणजे जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन माणूस 1848 मध्ये मुंबईत उतरला, मिशनचा पगार नाकारून गरीब वस्तीत राहिला, चाळीस वर्षं रस्त्यावर बोलत राहिला आणि 1888 मध्ये तिथेच वारला. त्याच्या खात्यावर मोजण्याजोगी धर्मांतरं जवळजवळ नाहीतच. तरी मुंबईकर त्याला साधू म्हणत. 1857 च्या सुरुवातीला विष्णुबाबा ब्रह्मचारी चौपाटीवर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालू लागले, तेव्हा समोरच्या बाजूला हाच बोवेन होता, आणि ते वाद पुढे त्यानेच इंग्रजीत छापून ठेवले. नाकारलं जाणं हे त्या पिढीच्या उपदेशकांचं रोजचं अन्न होतं. नारायणरावांचा वेगळेपणा नाकार सोसण्यात शोधू नये. तो सोसून ते कुठे गेले, याकडे पाहावं.

ते जालन्याला गेले. 1860 च्या दशकात फ्री चर्चने निजामाच्या मुलखाच्या या टोकाला आपलं ठाणं दिलं आणि त्याची सूत्रं गोऱ्या मिशनऱ्याकडे न देता नारायण शेषाद्रींकडे सोपवली. आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा मिशनांत देशी पाळक हा बहुधा साहेबाच्या हाताखालचा असे. स्वतंत्र ठाण्याचा प्रमुख देशी माणूस ही दुर्मिळ बाब होती.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण त्या गावाच्या व्यापारावरून पडली. कुंडलिकेच्या एका तीरावर कदीम म्हणजे जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद. मस्तगडाचा किल्ला, मोती तलाव, आणि कापूस-धान्याच्या उलाढालीवर पोसलेली पेठ. गावाबाहेर 1827 पासून छावणी, निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमावर चालणारी हैदराबाद कंटिन्जंट. मिशनला जालना सोयीचा वाटला तो या छावणीमुळे. छावणीच्या हद्दीत इंग्रजी अंमल होता, तिथे पाय रोवता येत. हद्द ओलांडली की निजामाचं राज्य. तिथे 1850 चा तो कायदा लागू नव्हता, ज्याने कंपनीच्या मुलखात धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला गेला होता. इथे बाटलेल्या माणसाच्या मागे कागदाचा तुकडाही नव्हता. रेल्वेही नव्हती, ती जालन्याला पोचली 1900 च्या सुमाराला. तोवर सगळा कारभार बैलगाडीचा आणि पायांचा.

पेठेत काय झालं असेल ते ओळखणं कठीण नाही. ब्राह्मण, व्यापारी, देशमुख-पाटील यांच्यात शुभवर्तमानाला जागा मिळाली नाही. उत्तर आलं ते गावकुसाबाहेरून, मांगवाड्यातून. जालन्याच्या आसपासची मांग माणसं एकेक करत, मग कुटुंबाकुटुंबाने बाप्तिस्मा घेऊ लागली, आणि हळूहळू तेच या मंडळीचा कणा झाले.

मांग म्हणजे गावगाड्यातला कोण, हे शहरी वाचकाला आता सांगावं लागेल. अंबाडी सोलून, पिळून दोर वळणारा. नाडा, कासरा, चऱ्हाट, सोल ही सगळी त्याच्या हातची. त्याच्या घरची बाई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधणार. लग्नात, जत्रेत, देवाच्या पालखीपुढे हलगी त्याची. दोराशिवाय मोट चालत नाही, म्हणजे मळा भिजत नाही. पण तोच दोर घेऊन आलेल्या माणसाने अंगण ओलांडायचं नाही. मोबदल्यात सुगीला बलुतं आणि सणाला शिळंपाकं. 1855 मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने ‘ज्ञानोदय’त आपला निबंध छापून आणला आणि विचारलं की धर्मपुस्तक पाहण्याचाही अधिकार नसलेल्या आमचा धर्म तरी कोणता? नारायणराव जालन्यात ज्या पुस्तकाची पेटी उघडत होते त्याचं वजन या प्रश्नाशेजारी ठेवून पाहावं. पुस्तक खरं की खोटं हा वाद चौपाटीवर होता. मांगवाड्यात आधीचा प्रश्न होता: हे पुस्तक आम्ही हातात धरायचं का? आणि ब्राह्मणी वळणाची मराठी बोलणारा एक माणूस ओट्यावर बसून म्हणत होता, धरा.

त्या बसण्याने अर्धं काम केलं असावं असं मला वाटतं. धर्मशास्त्राचे बारकावे किती जणांना कळले कोण जाणे. पण जातीने टाकलेला ब्राह्मण आणि जातीने मुळातच बाहेर ठेवलेला मांग हे एका ओट्यावर आले, तेव्हा दोघांनाही नाकारणारं गाव एकच होतं.

यात भाबडेपणा नको. मिशनच्या अहवालांत हे सगळं प्रार्थनेचं फळ म्हणून येतं. टीकाकारांच्या लेखी ते भाकरीचं फळ. दोन्ही बाजूंनी मांग माणसाच्या डोक्यात स्वतःचं काही चाललं असेल ही शक्यता वगळलेली असते. ख्रिस्ती झाल्यावर तो मूर्तीपुढे हलगी वाजवायला नकार देई, मेलेलं जनावर ओढायला नकार देई. त्याच क्षणी गाव बलुतं थांबवी. म्हणजे भाकरीसाठी धर्म सोडला म्हणावा, तर पहिली गेली ती भाकरीच. दुसरीकडे मिशनचा आसरा, शाळा, साहेबाशी ओळख, पाटलाच्या मारापासून थोडं संरक्षण, याही गोष्टी खऱ्याच होत्या, आणि माणसाने त्या पाहिल्या म्हणून त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. सवर्ण माणूस फायद्यासाठी इंग्रजी शिकला की त्याला दूरदृष्टी म्हणतात.

बलुतं तुटलेल्या या कुटुंबांचं करायचं काय, या व्यवहारी अडचणीतून बेथेल उभं राहिलं. ती जागा मिळाली हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. पहिले सालारजंग 1853 पासून तीस वर्षं त्या राज्याचा कारभार पाहत होते. मुसलमान राज्याच्या मुसलमान दिवाणाने, हिंदू घरातून ख्रिस्ती झालेल्या माणसाला, मांगांची वस्ती वसवायला जमीन द्यावी, तीही वर्षानुवर्षं साऱ्याच्या माफीने, हा प्रसंग आपल्या आजच्या साच्यांत कुठेच बसत नाही. सालारजंगांचं गणित बहुधा महसुली होतं: पडीक जमीन लागवडीला येईल, वस्ती वाढेल, इंग्रज रेसिडेंटही खूश. कारण काही असो, जालन्याजवळ एक गाव उभं राहिलं आणि त्याला याकोबाच्या गोष्टीतलं बेथेल हे नाव पडलं. घरं, विहीर, शाळा, शेती आणि मध्ये प्रार्थनामंदिर.

विहीर हा यातला सगळ्यात मोठा शब्द समजा. मराठवाड्यातल्या मांग बाईला गावच्या विहिरीवर वरच्या जातीतलं कुणी ओंजळीत पाणी ओतेल तोवर ताटकळावं लागे. बेथेलला ती आपला पोहरा आपण सोडत होती.

देवळासाठी आणि वस्तीसाठी पैसा हवा होता. नारायणराव तो मागायला समुद्र ओलांडून गेले. ऑक्टोबर 1873 मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. युरोप-अमेरिकेच्या काळ्या कोटांच्या गर्दीत पांढरा फेटा बांधलेला हा मराठी पाळक व्यासपीठावर उभा राहिला आणि लोकांच्या चर्चेचा विषय झाला. पुढे स्कॉटलंडमध्येही त्यांनी सभा घेतल्या. ज्याला मुंबईच्या पंक्तीत पान मिळत नव्हतं त्याला ऐकायला तिकडे सभागृहं भरत होती. याची एक किंमतही होती. परदेशी श्रोत्याला ‘ब्राह्मण असून ख्रिस्ती झालेला’ माणूस पाहायचा असे. ज्यांच्यासाठी पैसे मागायचे ते मांग त्या गोष्टीत मागच्या रांगेत जात. नारायणरावांना हे टोचलं असेल का? मागणाऱ्याला आपली कोणती ओळख विकली जाते हे कळतंच.

बेथेलविषयी मनात एक प्रश्न राहतोच. गावाबाहेर हाकललेल्यांना वेगळं गाव वसवून दिलं, म्हणजे गावाचा गुन्हा माफ झाला का? ख्रिस्ती वसाहतींची ही पद्धत देशभर होती आणि तिचे तोटे सगळीकडे सारखेच दिसले. वसाहत मिशनच्या जमिनीवर, म्हणून पाळक हाच एका अर्थी जमीनदार. भांडण झालं तरी त्याच्याकडे, कर्ज हवं तरी त्याच्याकडे. नेटिव्ह असले तरी नारायणराव त्या गावाचे पाटीलच होते. श्रद्धेचा आणि खंडाचा हिशेब एकाच ओसरीवर झाला की दोन्हींत खोट येते. पण पर्याय काय होता, हेही विचारलं पाहिजे. मूळ गावात राहून ख्रिस्ती मांगाला कुणी जगू दिलं असतं, असं समजायला आधार नाही.

1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनभर पसरला तेव्हा ही कोंडी आणखी घट्ट झाली. उपाशी माणसं मिशनच्या दारी येत. अन्न द्यायचं, तर ‘भाकरीसाठी बाटवलं’ हा आरोप. न द्यायचं, तर पेटीतल्या पुस्तकाला अर्थ नाही. कित्येक मिशनांनी या काळात बाप्तिस्मा लांबणीवर टाकला, आधी शिकवू, पारखू, मग पाहू, असं धोरण ठेवलं. त्याने आरोप थांबले नाहीत. अजूनही थांबलेले नाहीत. मराठवाड्यातला ख्रिस्ती माणूस आजही ‘तांदळाचा ख्रिश्चन’ हा टोमणा ऐकतो, पणजोबांच्या बाप्तिस्म्याला शतक उलटून गेलं तरी.

नारायण शेषाद्री 1891 मध्ये परदेशातून परतीच्या वाटेवर, समुद्रप्रवासातच वारले. जालन्याला त्यांचं शेवटचं येणं झालं नाही. चारच वर्षांनी, 1895 च्या फेब्रुवारीत, नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती मराठीला तिचा कवी मिळाला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे टिळकांच्या घरात काय कल्लोळ झाला हे मराठी वाचकाला पाठ आहे. शेषाद्रींच्या घरात अर्धशतक आधी काय झालं ते लिहायला घरात कुणी लक्ष्मीबाई नव्हती. आहे ते कोर्टाचे कागद, मिशनचे अहवाल, आणि भावाच्या नावाने ओळखलं जाणारं प्रकरण.

पुढची पानं भराभर उलटली तरी चालतील. 1900 मध्ये फ्री चर्च दुसऱ्या पंथात मिसळून युनायटेड फ्री चर्च झालं. 1903 च्या सुमाराला कंटिन्जंट मोडीत निघाली आणि जालन्याची छावणी ओसरली. ज्या आधारावर मिशन आलं तो गेला, मंडळी राहिली. दवाखाना उभा राहिला, मिशन हॉस्पिटल हे नाव जालना शहराला ओळखीचं झालं. 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं. 1970 मध्ये उत्तर भारतातली अनेक प्रोटेस्टंट चर्चेस एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. 1981 मध्ये औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला.

या सगळ्यात एक तारीख मात्र थांबून पाहण्याजोगी आहे. 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. शीख 1956 मध्ये आत आले, बौद्ध 1990 मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे मांग घरातला ख्रिस्ती माणूस गावाच्या लेखी मांगच राहतो, आणि सरकारच्या लेखी नाही. रविवारी उपासनेला जाणाऱ्या अनेक कुटुंबांनी कागदावर ‘हिंदू-मांग’ लिहून मुलांची शिक्षणं केली. त्यांना दुटप्पी म्हणणं सोपं आहे. पण या कुटुंबांनी पणजोबांचं पुस्तक सोडलं नाही आणि मुलांची शाळाही सोडली नाही. निष्ठा म्हणजे कायम पारावर उभं राहून माती झेलणंच असतं, असं मानणाऱ्यांनी हे जमेत धरावं.

नारायणरावांच्या बाबतीतही माझा निवाडा असाच आहे. त्यांचं मोठेपण ते नाकार पचवत राहिले यात तितकंसं नाही. तो बोवेनने जास्त पचवला. आपलं म्हणणं ज्यांना पटावं अशी त्यांची अपेक्षा होती ती माणसं पाठ फिरवून गेली, तेव्हा त्यांनी आपलं म्हणणंही बदललं नाही आणि त्या माणसांची वाटही पाहत बसले नाहीत. ते दुसऱ्या दाराशी गेले. आणि जालन्यात ज्यांनी ते दार उघडलं त्यांना त्यांच्याहून कितीतरी अधिक मोजावं लागलं. नारायणरावांचं नाव निदान न्यूयॉर्कच्या परिषदेच्या अहवालात तरी छापलेलं आहे.

त्या पहिल्या मांग कुटुंबांची नावं आज कुठल्याही मराठी इतिहासग्रंथात नाहीत. जालना, अंबड, भोकरदन भागातल्या जुन्या मंडळ्यांकडे बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या वह्या उरल्या असतील, घरोघरी एखादं पहिल्या पानावर नाव घातलेलं जुनं शुभवर्तमान असेल, तर ते वाळवीच्या आधी कुणीतरी पाहायला हवं. जालन्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपले विद्यार्थी एकदा मस्तगडाऐवजी तिकडे पाठवावेत.